डिबॉचरी : एक शब्दशोध

गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी आमच्या मुलींच्या होस्टेलच्या बोर्डावर एक इंग्रजी नोटीस लागली. आदल्या रात्री कॉमन रूममध्ये एक वाजेपर्यंत गाणी लावून नाच चालला होता, बाहेरून पिझ्झा मागवला होता आणि कुणीतरी भिंतीवर सॉस उडवला होता. गुन्हा एवढाच! पण नोटिशीत त्याला शब्द वापरला होता 'डिबॉचरी'. यापुढे असली डिबॉचरी खपवून घेतली जाणार नाही, वगैरे वगैरे.

दुपारी मेसच्या मावशी ताटं उचलता उचलता मला म्हणाल्या, "काय लिवलं वं पोरी तिथं? साऱ्या पोरी हासून राह्यल्या."

मी सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. शब्द मला माहीत होता, स्पेलिंगही न चुकता लिहिता आलं असतं. पण मराठीत काय सांगायचं? "म्हणजे... दारू पिणं, चैनबाजी, वाईट वागणं..." असं काहीतरी मी पुटपुटले. मावशींचे डोळे मोठे झाले. "दारू पेल्या तुमी?" "नाही हो मावशी!" "मंग?" या 'मंग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या 'मंग'मुळे हा लेखप्रपंच.

खरं तर या शब्दाने मला पूर्वीही एकदा अडवलं होतं. नववीत असताना एका गोष्टीच्या पुस्तकात तो आला. टीचरना विचारलं, तर त्या म्हणाल्या, घरी आईला विचार. आईला विचारलं, तर ती म्हणाली, फी भरतो ना आपण? टीचरलाच विचार! शेवटी डिक्शनरी काढली. तिथे अर्थ दिला होता 'इंद्रियसुखात अति इंडल्जन्स'. मग 'इंडल्जन्स' पाहिला, तर तिथून तिसऱ्याच शब्दाकडे बोट. तेव्हा कंटाळून सोडून दिलं होतं. या वेळी मात्र लायब्ररीत बसले आणि शब्दाचा अर्थ न पाहता त्याचं मूळ पाहिलं. आणि काय सापडावं? चक्क बीम! आपला सिव्हिलचा बीम.

झालं असं आहे. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला. जुन्या फ्रेंचमध्ये 'बोश' किंवा 'बॉश' म्हणजे लाकडाची तुळई. तो शब्द त्यांना जर्मॅनिक भाषांकडून मिळाला. जर्मनमध्ये अजूनही तुळईला 'बाल्कन' म्हणतात. आपण ज्या बाल्कनीत कपडे वाळत घालतो ती बाल्कनीही त्याच घराण्यातली, इटालियनमार्गे आलेली. तुळईच्या शब्दाला मागे 'दे' लावला की सुटं करणं, काढून घेणं असा भाव येतो. आता तुळईवरून चैनबाजीवर गाडी कशी आली, याबद्दल पंडितांत एकमत नाही. काही म्हणतात, ओंडका तासून, फोडून वेगळा करणं हा मूळ अर्थ, त्यावरून माणसांना एकमेकांपासून फोडणं. काही म्हणतात, 'बोश' म्हणजे तुळयांची शेड, अर्थात कारखाना, आणि माणसाला त्या कामाच्या जागेवरून ओढून नेणं म्हणजे 'देबोशे'.

मला दुसरा अर्थ जास्त पटतो, कारण आजच्या फ्रेंचमध्ये त्याचा पुरावा जिवंत आहे. तिकडे एखाद्याला नोकरीवर घेणं याला 'आंबोशे' म्हणतात आणि कामावरून कमी करणं किंवा दुसऱ्या कंपनीचा माणूस फोडणं याला 'देबोशे'. फ्रान्सच्या पश्चिम भागात तर संध्याकाळी ड्युटी संपवून घरी निघण्यालाही हेच क्रियापद वापरतात. म्हणजे तिथला एखादा इंजिनिअर सहजपणे म्हणू शकतो, मी रोज पाच वाजता डिबॉच करतो. आपल्या प्लेसमेंट सेलने ही भाषा शिकायला हरकत नाही!

इंग्रजीत हा शब्द १५९० च्या दशकात शिरला, तेव्हाही त्याला दारूचा वास नव्हता. सैनिकाला राजापासून, नोकराला मालकापासून, मुलाला बापापासून फितवणं म्हणजे त्याला डिबॉच करणं. शेक्सपिअरच्या नाटकांत याचं 'डिबॉश्ड' असं रूप येतं, तिथे अर्थ घसरायला लागलेला दिसतो. १६४० च्या दशकात 'डिबॉचरी' हे नाम तयार झालं आणि मग हळूहळू कामावरून ओढून कुठे नेलं, तर दारूच्या गुत्त्यात, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. कुठून ओढून नेलं, ते विसरलं गेलं.

या शब्दाचे इंग्रजीतले भाऊबंदही पाहण्यासारखे आहेत. 'डिसिपेशन' म्हणजे लॅटिनमध्ये उधळणं, इकडेतिकडे फेकणं. 'अॅडिक्ट' तर त्याहून भारी. रोमन कायद्यात कर्ज न फेडणाऱ्या माणसाला न्यायाधीश धनकोच्या ताब्यात देऊन टाकायचा. अशा ऋणकोला 'अॅडिक्टस' म्हणत. नशेबाज हा अर्थ त्याला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चिकटला. आणि 'व्हाइस' म्हणजे दुर्गुण, तो लॅटिनमधल्या दोष, खोट या अर्थाच्या शब्दावरून. वर्कशॉपमधल्या बेंच व्हाइसचा त्याच्याशी काहीएक संबंध नाही. तो व्हाइस स्क्रूवरून आला आणि स्क्रूचं ते फ्रेंच नाव द्राक्षाच्या वेलाच्या लॅटिन नावावरून, कारण वेलाचा ताणाही तसाच पिळे घेत जातो. (फिटिंगच्या व्हायव्हाला हे सांगू नये. मी सांगून पाहिलं.)

असो. पण मावशींना फ्रेंच सांगून काय उपयोग? मराठी शब्द हवा होता. रात्री रूमवर मैत्रिणींना कामाला लावलं. एक म्हणाली ऐय्याशी, दुसरी म्हणाली शौक, तिसरी बाहेरख्याली, आणि शेजारच्या रूममधून ओरडून उत्तर आलं, व्यसन!

एकेक घेऊ. 'ऐश' हा अरबी शब्द, त्याचा मूळ अर्थ फक्त जगणं. इजिप्तमध्ये आजही भाकरीला 'ऐश' म्हणतात. म्हणजे तिकडे जी पोटाची भाकरी ती आपल्याकडे येईपर्यंत ऐषआराम झाली. 'शौक' हाही अरबी, मूळ अर्थ ओढ, तळमळ. 'बाहेरख्याली' अर्धा आपला, अर्धा पाहुणा : बाहेर अधिक खयाल. देह घरात, लक्ष बाहेर. हा शब्द मला फार चतुर वाटतो. कामाच्या जागेवरून ओढलं जाणं हा डिबॉचरीचा मूळ अर्थ यात सगळ्यात स्वच्छ उतरला आहे.

पण खरी मजा 'व्यसन'मध्ये आहे. हा संस्कृत शब्द. 'अस्' म्हणजे फेकणे, त्याला 'वि' उपसर्ग. दूर फेकणे, भलतीकडे फेकणे. याच धातूवरून 'अस्त्र' आलं, कारण ते फेकून मारायचं. आणि याच धातूवरून 'अभ्यास' आला! 'अभि' म्हणजे एखाद्या गोष्टीच्या दिशेने. स्वतःला पुन्हा पुन्हा तिकडे फेकत राहणं म्हणजे अभ्यास. सगळंच खाली ठेवून दिलं तर 'संन्यास', तोही इथलाच. म्हणजे पी.एल.मध्ये आपण ज्या तीन अवस्थांतून जातो, त्या तिन्ही एकाच धातूच्या आहेत.

संस्कृतात व्यसनाचा जुना अर्थ संकट असाच होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण व्यसनांवर आहे. त्यात राजाच्या सवयी आहेत, तसेच आग, पूर, रोगराई आणि दुष्काळही आहेत. हे सगळं त्याच्या लेखी एकाच जातीचं : राज्य जागेवरून हलवणारं. त्यात त्याने एक वाद मांडला आहे. शिकार वाईट की जुगार? एक जुना आचार्य म्हणतो शिकार वाईट. कौटिल्य म्हणतो नाही, जुगार वाईट, शिकारीत निदान व्यायाम होतो, अंगावरची चरबी झडते. बोलूनचालून व्यवहारी माणूस!

मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाची अठरा व्यसनं दिली आहेत, त्यातली दहा हौसेपोटी जन्मणारी. शिकार, फासे, दिवसा झोपणं, परनिंदा, स्त्रिया, मद्य, नाच, गाणं, वाजवणं आणि दहावं 'वृथाट्या', म्हणजे उगाच भटकणं. ही यादी मी रूममध्ये वाचून दाखवली तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली. दिवसा झोपणं, निंदा, नाच, गाणं, वाजवणं, उगाच भटकणं. दहापैकी सहा तर आम्ही गॅदरिंगच्या एका आठवड्यातच पार पाडली होती. पत्ते धरले तर सात. (यादीत 'स्त्रिया' शिकार आणि फाशांच्या रांगेत बसवल्या आहेत. यादी कुणी कुणासाठी केली, ते तिथेच कळतं.)

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग दिवाळीत मी चांदूर बाजारला आजीकडे गेले. शब्दांचं वेड आमच्या तालुक्याला तसं नवं नाही. माधानचे गुलाबराव महाराज आमच्याच तालुक्यातले. १८८१ ते १९१५ एवढंच आयुष्य, तान्हेपणीच दृष्टी गेलेली, आणि तरी शंभरावर ग्रंथ. माझं वेड त्यापुढे कुठेच नाही, पण मी ते आजीपाशी काढलं. आमच्या घरात एक गोष्ट अर्धीच बोलली जाते. पणजोबांची जमीन कशी गेली ती. मी सरळ विचारलं, "आजी, आबाजींना व्यसन होतं का?"

आजीने संत्र्याची फोड हातात तशीच धरली. म्हणाली, "व्यसन नाई वं. शौक होता त्यायले."

शौक शंकरपटाचा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, बैलांच्या शर्यतीला आमच्याकडे शंकरपट म्हणतात. जोडी हाकणारा तो धुरकरी. हिवाळ्यात कापूस विकून झाला की पट भरतात. जिल्ह्यात तळेगाव दशासरचा पट नावाजलेला. (२०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने या शर्यतींवर बंदी आणली, २०२१ च्या डिसेंबरात सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. त्यामुळे पट पुन्हा भरतात.) पट हिवाळ्यातच का, तर वऱ्हाडात शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा तेव्हाच यायचा, तोही वर्षातून एकदा. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस थांबला आणि इकडच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले, युद्ध संपताच ते पडले. पैसा एकदम येणं आणि एकदम जाणं ही आमच्याकडची जुनी रीत आहे. कुऱ्हाड सोन्याची असली तरी ती कुऱ्हाडच, हे म्हण सांगताना कुणी बोलत नाही.

आबाजींच्या कोठ्यात पटाची एक जोडी असायची. तिला शेतात जुंपायचं नाही. तिला सरकी, ढेप, वरून तूप. आजी लग्न होऊन आली ती १९६८ साली. ती म्हणते, "बैलाले तूप अन् आमाले वरन." जोडीमागे पैज आली. पैजेमागे हरल्याचं दुःख बुडवायला आणि जिंकल्याचा आनंद करायला दारू आली. मग पट संपला तरी चार-चार दिवस मुक्काम तिकडेच. तिकडे म्हणजे कुठे, हे आजी सांगत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "संत्र खा."

माझ्या लक्षात आलं की या एका माणसासाठी आमच्या घरात तीन शब्द आहेत. गावातली जुनी माणसं अजून म्हणतात, तुझा पणजोबा मोठा शौकीन माणूस! हे म्हणताना त्यांचे डोळे चमकतात. माझे बाबा म्हणतात, त्यांना व्यसन होतं. आणि पणजी, जिच्या पाटल्या आणि एकदाणी त्यात गेली, ती म्हणायची 'नाद'. आजी तिची नक्कल करून दाखवते : "नादानं नेलं वं माह्या घराले." नाद म्हणजे आवाज. कुठूनतरी आवाज येतो आणि माणूस उठून त्याच्या मागे जातो. पणजी शाळेत गेली नव्हती. सावकाराला मात्र कुठलाच शब्द लागला नाही, त्याला खात्यावर आकडा पुरला. बावीस एकरांतलं शेवटी चार एकर राहिलं.

आणि 'शौकीन' हा शब्द मी पणजीसाठी वापरून पाहिला. बसतच नाही. तिला नऊवारीचा शौक होता, असं म्हणता येईल फार तर. घर बुडवण्याइतका शौक करायची मुभा तिला होतीच कुठे?

आमच्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ ला शेंडगावचा. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले, आई लहान डेबूला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. तिथे मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्यांनी पाहिली. पुढे मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण न देता त्यांनी गोडाचं जेवण घातलं, तेव्हा लोक रागावले. त्यांच्या कीर्तनात दारू आणि कर्ज ही जोडी सतत यायची. रोमन लोकांनी 'अॅडिक्टस' या एका शब्दात जे बसवलं, तेच. बाबांच्या नावाच्या विद्यापीठाची आपण परीक्षा देतो, पण शाळेत मला त्यांच्याबद्दल फक्त झाडू आणि स्वच्छता एवढंच शिकवलं गेलं.

आता मुद्द्यावर येते. मी आजीला डिबॉचरीचं मूळ सांगितलं. म्हटलं, आजी, त्या इंग्रजी शब्दात घराची तुळई लपली आहे, ती काढून घेणं असा काहीसा भाव आहे त्यात. मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "तुले कोनं सांगतलं?"

"काय?"

"तुळयायचं."

मग तिने जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं, बाबांनाही अर्धवटच माहीत होतं. १९७२ चा दुष्काळ. पराटी वाळलेली, सावकाराचं व्याज थकलेलं, बैल आधीच विकलेले. घरात विकण्यासारखं एकच उरलं होतं, ते घरच. वाडा माळवदाचा, तुळया मेळघाटच्या सागाच्या. अमरावतीहून लाकडाचा व्यापारी आला. मजघरावरची माती उकरून काढली, खालच्या फळ्या काढल्या आणि सहा तुळयांपैकी पाच दोरांनी खाली घेतल्या. आजीचं लग्न होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, मोठे काका पोटात होते. आबाजी ओट्यावर बसून होते. कुणाशी बोलले नाहीत, उठलेही नाहीत. मजुरांनी पाणी मागितलं ते आजीने दिलं. "सासूबाईनं त्या दिशी चूल नाई पेटवली," आजी म्हणाली, "अन् मामाजीनं जेवाले मांगतलं बी नाई."

त्यानंतर मजघरात टिनपत्रे पडले. ते आजही आहेत.

मी थोडा वेळ काहीच बोलू शकले नाही. लायब्ररीत ही व्युत्पत्ती सापडली तेव्हा मला ती गंमत वाटली होती, सिव्हिलवाल्यांना सांगायला एक किस्सा. आपल्याच घरात तो शब्द अक्षरशः, माती उकरून, दोर लावून घडला असेल, असं स्वप्नातही आलं नव्हतं. आणि तरी आजी 'शौक'च म्हणते. मी वाद घातला. म्हटलं, ज्याने घराच्या तुळया विकायला लावल्या त्याला शौक कसा म्हणतेस? ती म्हणाली, "व्यसन म्हनलं का मानूस संपते, पोरी. त्यायनं तुह्या आजोबाले खांद्यावर बसवून पट दाखवला होता. थो बी त थोच मानूस." मी बाबांच्या बाजूने आहे, अजूनही. पण आजीसमोर मी तो शब्द पुन्हा काढला नाही.

सहावी तुळई व्यापाऱ्याने नेली नाही, कारण तिला मधोमध उभी चीर गेली होती. ती परसात दोन दगडांवर आडवी टाकली आहे. लहानपणी मी तिच्यावर घोडा घोडा खेळले आहे, उन्हाळ्यात तिच्यावर कुरड्या वाळतात. तुळई म्हणून मी तिच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. या वेळी टेप घेऊन मोजली. अकरा फूट दोन इंच लांब, सात इंच रुंद, नऊ इंच उंच. एका अंगाला वाकसाने तासल्याच्या खुणा अजून हाताला लागतात. फ्रेंचमध्ये अशा पहिल्या ओबडधोबड तासण्याला 'एबोश' म्हणतात, तेही याच शब्दकुळातलं. चीर तटस्थ अक्षाजवळ आहे, म्हणजे वाकण्याला तिचा तितका धोका नव्हता, सरकतीला होता. व्यापारी अनुभवाने बरोबर होता.

सुट्टी संपवून परत आले. पहिल्याच दिवशी मेसमध्ये मावशींना गाठून सांगितलं, मावशी, तो शब्द सापडला. त्याचा खरा अर्थ, माणसाला कामावरून ओढून नेणं. काम सोडून, घर सोडून भलतीकडे जाणं.

मावशींनी क्षणभर विचार केला. "पन तुमी त नाचून-गाऊन सकाळी सात वाजता साऱ्या प्रॅक्टिकलले गेल्त्या."

"हो."

"मंग लिवनाऱ्याचं चुकलं," त्या म्हणाल्या आणि विचारलं, "पोळी किती वाढू?"